सुरवंट नेमका कोणाचा?

वेताळ टेकडीवर खुळखुळ्याच्या शेंगेत तोंड खुपसून बसलेल्या केसाळ अळीला आपण सुरवंट म्हटले, तेव्हा ‘सुरवंट फुलपाखराचा, पतंगाची ती नुसती अळी’ अशी दुरुस्ती मित्राने केली. ती योग्य आहे का, असे कोथरूडच्या एका वाचकाने विचारले आहे. माझ्या मते ती दुरुस्तीच चुकीची आहे.

अळी हा व्यापक शब्द आहे. वांग्यातली असो, कापसाच्या बोंडातली असो, गुळगुळीत असो वा केसाळ, ती अळीच. सुरवंट मात्र बोलीत केसाळ अळीलाच म्हणतात. शेवग्याखाली उभे असताना मानेवर पडतो आणि दिवसभर खाजवायला लावतो, तो सुरवंट; लिंबाच्या पानावरच्या हिरव्या, तुळतुळीत अळीला तसे म्हणताना मी तरी घरातल्या वडीलधाऱ्यांना ऐकलेले नाही. गंमत अशी, की लिंबावरची ती अळी बहुधा फुलपाखराची असते आणि शेवग्यावरचे सुरवंट पतंगाचे. दाट केसांच्या अळ्या बहुतांशी पतंगांच्याच असल्यामुळे ‘सुरवंटाचे फुलपाखरू होते’ हे शाळेपासून पाठ असलेले वाक्य बोलीतल्या अर्थाने क्वचितच खरे ठरते.

वाचकाने वर्णिलेली काळपट, पाठीवर पांढरी रेघ आणि नारिंगी खुणा असलेली अळी युटेथिसा पल्केला या पतंगाची दिसते. निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये नाव दिलेल्या या पतंगाचे पांढरे पंख लाल-काळ्या ठिपक्यांनी भरलेले असतात आणि पसरल्यावर जेमतेम ३ ते ४ सेंटिमीटर भरतात. मादी पानांवर अंडी घालते. अळ्या पाने खातात, शेंगा पोखरून कोवळे बीही फस्त करतात. ताग हा खुळखुळ्याचाच भाऊबंद, त्यामुळे तागाच्या पिकावरही ही अळी पडते. या वनस्पतींतली अल्कलॉइडे नावाची विषारी द्रव्ये अळीच्या अंगात साठतात, पुढे पतंगातही उतरतात, आणि म्हणून भक्षक त्याला सहसा टाळतात. भर दिवसा तो निर्धास्त उडतो, त्यामुळे पुष्कळांना तो फुलपाखरूच वाटतो.

पूर्ण वाढलेली अळी पालापाचोळ्यात विरळ धाग्यांचे वेष्टन विणून आत शिरते. त्या वेष्टनाला कोश म्हणावे (कोष हे लेखनही चालते). आतल्या निश्चल जिवालाही तोच शब्द लावला जातो, तो मला गैरसोयीचा वाटतो. नोंदवहीत मात्र ‘खुळखुळ्यावर पतंगाचा सुरवंट’ असे बिनदिक्कत लिहावे.