ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा योजनेचे) आजारपणाचे पैसे मिळण्यासाठी कंपनीच्या वैद्यकीय संमतीपत्रावर सही करावीच लागते का? केलेली सही मागे घेता येते का?

नाही, करावी लागत नाही. ईएसआयचे पैसे कंपनी देत नाही. ते ईएसआयचं सरकारी महामंडळ देतं, आणि त्यांच्याच डॉक्टरच्या दाखल्यावर देतं. कंपनीचं काम एवढंच, की तुमची वर्गणी भरलेली असावी आणि तुम्ही कोणत्या तारखांना कामावर नव्हता ते विचारल्यावर खरं कळवावं. तुम्ही लिहिलंय की गोव्यात वेर्ण्याच्या तुमच्या कंपनीतला एचआर म्हणतो, ‘सही नाही तर क्लेम पुढे पाठवणार नाही.’ पण क्लेम त्याच्या टेबलावरून जातच नाही. तो तुम्ही स्वतः शाखा कार्यालयात किंवा ऑनलाइन देता.

हे मी इतक्या ठामपणे लिहिते, कारण आमच्या घरात हेच घडलं आणि त्यावरून आजही वाद होतो.

माझे मिस्टर फोंडा तालुक्यातल्या एका कारखान्यात पॅकिंगला होते. आजारी पडले. आजाराचं नाव लिहीत नाही, त्यांना ते चालणार नाही. ईएसआयच्या डॉक्टरांनी बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात पाठवलं, उपचार सुरू झाले, रजा लांबली. मग कंपनीतून एक छापील इंग्रजी कागद आला, ‘सही करून लगेच पाठवा’ म्हणून. आमच्याकडे असे कागद कोणी वाचत नाही. मी वाचला. कोणताही डॉक्टर, कोणतंही हॉस्पिटल, कोणतीही लॅब यांनी माझी मागची, आताची आणि पुढची सगळी माहिती कंपनीला ‘किंवा तिच्या प्रतिनिधींना’ द्यावी, असा त्याचा अर्थ. मुदत नाही. कशासाठी हवी तेही नाही. प्रतिनिधी म्हणजे कोण, लेबर कॉन्ट्रॅक्टरसुद्धा का? काहीच लिहिलेलं नव्हतं.

मी अडले त्याला कारण होतं. त्याच कारखान्यातल्या एका माणसाला आधी टीबी झाला होता. त्याने असाच कागद सही करून दिला. त्याची फाइल टाइम ऑफिसात उघडी पडलेली असायची, पंचिंगला येणारा जाणारा बघायचा. तो बरा होऊन परत आला तेव्हा कॅन्टीनमध्ये त्याच्या टेबलाला कोणी बसेना. टीबीवर नीट औषध सुरू झालं की बहुतेकांपासून काही आठवड्यांत लागण होण्याचा धोका खूप कमी होतो. हा माणूस तर कोर्स पूर्ण करून आला होता. शेवटी त्याने नोकरी सोडली. टीबीची नोंद सरकारकडे करणं २०१२ पासून सक्तीचं आहे आणि ते योग्यच आहे, पण सरकारी आरोग्य खात्याला कळवणं वेगळं आणि टाइम ऑफिसच्या कपाटात पेपर ठेवणं वेगळं.

मोठे दीर म्हणाले, ‘लपवण्यासारखं काय आहे? सही करून टाका, पैसे येऊ देत.’ त्यांची भीती मला कळत होती. ते खाणीवर होते. २०१८ च्या मार्चमध्ये खाणी बंद पडल्या आणि त्यांचा पगार थांबला. नोकरी असताना मालकाशी वाकडं घ्यायचं नाही, हे ते स्वतःच्या अनुभवातून बोलत होते. तरी मी ऐकलं नाही. मिस्टरांना सगळा कागद मराठीत वाचून दाखवला आणि विचारलं, तुम्हाला काय हवं? ते म्हणाले, तारखा सांगायला माझी ना नाही, बाकी नको.

मग आम्ही तो परिच्छेद आडव्या रेघेने खोडला आणि खाली हाताने लिहिलं: ‘या रजेच्या तारखा आणि कामावर परतण्यास मी योग्य आहे की नाही, एवढीच माहिती कंपनीला देण्यास माझी संमती आहे. ही संमती मी कामावर रुजू होईपर्यंतच राहील.’ त्यांनी सही केली, तारीख घातली. मी झेरॉक्स काढली आणि झेरॉक्सवर कंपनीची पोच घेतली. तुम्हीही हेच करा. नुसता नकार दिला तर ‘सहकार्य करत नाही’ असं लिहायला त्यांना जागा मिळते. मर्यादित संमती दिली तर ती जागा राहत नाही.

पैसे अडकले, हे खरं. दीर आजही म्हणतात की माझ्या हट्टामुळे अडकले. ते मला आजही मान्य नाही. मी शाखा कार्यालयात जाऊन विचारलं. तिथल्या बाईंनी फाइल काढून दाखवली: आमच्या बाजूने सगळं पूर्ण होतं, कंपनीकडून गैरहजेरीची पडताळणी आली नव्हती. संमतीपत्र त्या फाइलीत नव्हतंच, त्यांना ते नकोच होतं. म्हणजे अडवणूक कंपनीची होती. मी कंपनीला रजिस्टर पोस्टाने पत्र लिहिलं, त्यात पडताळणी कधी पाठवणार ते लेखी विचारलं आणि प्रत महामंडळाला दिली. त्यानंतर पडताळणी गेली आणि पैसे खात्यात आले. दीर, तुम्ही हे वाचत असाल तर ती प्रत अजून माझ्या कपाटात आहे.

‘लपवण्यासारखं काय आहे’ हा प्रश्नच मला पटत नाही. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे डॉक्टरने रुग्णाची गुप्त माहिती उघड करायची नाही. कोर्टाचा आदेश, इतरांना गंभीर धोका, कळवणं सक्तीचं असलेले आजार, हे अपवाद. मानसिक आजाराची माहिती गुप्त ठेवण्यासाठी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २३ आहे. एचआयव्हीसाठी २०१७ चाच दुसरा कायदा आहे, तो सप्टेंबर २०१८ मध्ये लागू झाला आणि समजावून घेतलेल्या संमतीशिवाय ती माहिती उघड करायला मनाई करतो. हे सगळं ज्यांनी लिहिलं त्यांना माहीत होतं की माणूस बरा होऊन परत येतो तेव्हा त्याला त्याच लोकांत बसायचं असतं.

कंपनीला खरोखर काय लागतं? माणूस कामाला योग्य आहे का, आणि काय झेपणार नाही. आमच्या डॉक्टरांना मी तसंच सांगितलं आणि त्यांनी तसंच लिहून दिलं: कामास योग्य, काही महिने रात्रपाळी नको. सुपरवायझरला पाळ्या लावायला तेवढं पुरलं.

आता मागे घेण्याबद्दल. होय, घेता येते. तारीख घालून साधं पत्र लिहा, ‘अमुक तारखेची संमती मी आजपासून मागे घेत आहे’, कंपनीची पोच घ्या आणि एक प्रत तुमच्या हॉस्पिटललाही द्या, कारण पेपर तिथूनच जाणार. जी माहिती आधीच गेली ती मात्र परत येत नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संमती ठरावीक कामापुरतीच असावी आणि देण्याइतकंच मागे घेणंही सोपं असावं असं आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण संमतीची मुख्य कलमं त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायची आहेत. तोवर पोच घेतलेलं पत्रच तुमच्या हातात.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगते. ईएसआयच्या स्वतःच्या डॉक्टरला तपासणी नाकारू नका. आजारपणाचा लाभ घेणाऱ्याने त्यांचे उपचार घेणं आणि तपासणीला हजर राहणं ही कायद्याचीच अट आहे, आणि ती रास्त आहे. आमचं प्रकरण १९४८ च्या ईएसआय कायद्याखालचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, म्हणून फॉर्म आताचाच घ्या. नेहमीच्या आजारात सरासरी रोजंदारीच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतात. यादीतल्या ३४ दीर्घ आजारांत ८० टक्के आणि मुदतही लांब. तुमचा आजार यादीत असेल तर त्याचं नाव महामंडळाला कळणारच, पण तुमच्या मॅनेजरला कळायची गरज नाही. कामावर अपघात होऊन अपंगत्व आलं असेल तर मेडिकल बोर्डापुढे त्या इजेचे पेपर दाखवावेच लागतात. आणि कंपनीने काढलेला खाजगी मेडिक्लेम असेल तर विमा कंपनी त्या उपचारांचे पेपर मागू शकते, दिले नाहीत तर क्लेम थांबेल. ते पेपर शक्यतो थेट विमा कंपनीला किंवा टीपीएला (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेला) द्या, एचआरच्या ईमेलवरून नको.

फॉर्ममधला तो परिच्छेद, नावं वगळून, प्रश्नाखाली टाकलात तर कोणते शब्द खोडायचे ते मी सांगेन. सही मात्र स्वतः वाचून स्वतःच करा, घरच्या कोणाच्या आग्रहाने नको, बायकोच्याही नको.