लॉगिन करून चालणारी स्क्रिप्ट एसएसएचने चालवली की का अडते? आणि लूप पहिल्याच सर्व्हरवर का संपतो?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. आपल्या मशीनवरची शेल स्क्रिप्ट सर्व्हरवर कॉपी न करता चालवता येते का? सर्व्हरवर लॉगिन करून जी स्क्रिप्ट सुरळीत चालते, तीच बाहेरून एसएसएचने (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे कमांड चालवायचं साधन) चालवली की 'कमांड नॉट फाउंड' का येतं? आणि यादीतल्या सगळ्या सर्व्हरांवर फिरणारा लूप पहिला सर्व्हर झाला की कुठलाही एरर न देता का संपतो? तिन्ही ठिकाणी पाहायचं ते एकच: कोणती गोष्ट कोण वाचतंय, तुमच्या मशीनवरचा शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, बॅश हा त्यातलाच एक) की सर्व्हरवरचा. (कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाका.)

आधी कॉपी न करता चालवण्याबद्दल. हो, येते (वेब१ हे सर्व्हरचं नाव, तपासणी.एसएच ही तुमची स्क्रिप्ट):

एसएसएच वेब१ 'बॅश -एस' < तपासणी.एसएच

इथे < हे चिन्ह तुमचा स्वतःचा शेल वाचतो. तो तुमच्या डिस्कवरची फाइल उघडतो, तिचा मजकूर एसएसएचच्या स्टँडर्ड इनपुटला (प्रोग्रामला बाहेरून मजकूर मिळण्याचा मार्ग) जोडतो, आणि सर्व्हरवरचा बॅश तो मजकूर आला तसा वाचून चालवतो. -एस म्हणजे 'कमांड स्टँडर्ड इनपुटवरून घे'. सर्व्हरच्या डिस्कवर स्क्रिप्टची फाइल तयारच होत नाही. आर्ग्युमेंट द्यायची असतील तर 'बॅश -एस -- पहिलं दुसरं' असं लिहा, ती स्क्रिप्टमध्ये $१, $२ म्हणून मिळतात. स्क्रिप्टची #! वाली पहिली ओळ मात्र इथे नुसती कॉमेंट ठरते, त्यामुळे पायथॉनची स्क्रिप्ट 'बॅश -एस'ला देऊन चालणार नाही.

या पद्धतीत एक खाचखळगा आहे. स्क्रिप्टच स्टँडर्ड इनपुटवरून येत असल्यामुळे, स्क्रिप्टमधल्या एखाद्या कमांडने इनपुट वाचायला घेतलं तर ती उरलेली स्क्रिप्ट गिळून टाकते. व्हिडिओसाठीचा एफएफएमपेग असं करतो, इनपुटमधली एक ओळ वाचणारा रीड करतो, आतून केलेलं दुसरं एसएसएचही करतं. पुढच्या ओळी चालतच नाहीत आणि एररही येत नाही. अशा कमांडच्या शेवटी < /डेव्ह/नल (कायम रिकामी असणारी खास फाइल) लावा. स्क्रिप्ट मोठी असेल तर मी सरळ एससीपीने (एसएसएचवरून फाइल कॉपी करणारी कमांड) ती सर्व्हरवर टाकून मगच चालवतो.

तुमचा लूपही याच कारणाने संपतो. तुम्ही बहुतेक असं लिहिलं असणार (अपटाइम म्हणजे सर्व्हर किती वेळ चालू आहे ते सांगणारी कमांड):

व्हाइल रीड -आर होस्ट; डू एसएसएच "$होस्ट" अपटाइम; डन < यादी.टीएक्सटी

यात रीड आणि एसएसएच दोघांचं स्टँडर्ड इनपुट एकच आहे, ते म्हणजे तुमची यादी. रीड पहिली ओळ घेतो. मग एसएसएच सुरू होतं आणि उरलेली सगळी यादी वाचून सर्व्हरकडे पाठवून देतं, अपटाइमला ती नको असली तरी. रीड परत येतो तेव्हा वाचायला काही शिल्लक नसतं. एसएसएचला -एन द्या, की ते इनपुट वाचणार नाही. पण -एन आणि < तपासणी.एसएच एकाच कमांडवर लावू नका: -एन इनपुट तोडतो, म्हणजे स्क्रिप्ट सर्व्हरपर्यंत पोचणारच नाही. स्क्रिप्ट < ने देताय तिथे एसएसएचचं इनपुट तीच फाइल असते, यादीला हात लागत नाही, त्यामुळे -एनची गरजही नसते.

आता 'कमांड नॉट फाउंड'. लॉगिन करता तेव्हा बॅश लॉगिन शेल म्हणून उठतो आणि /ईटीसी/प्रोफाइल, मग तुमची .बॅश_प्रोफाइल किंवा .प्रोफाइल वाचतो. एसएसएचला कमांड जोडून दिली की उठणारा शेल लॉगिन शेलही नसतो आणि इंटरॅक्टिव्हही (समोर बसून कमांड टाइप करण्यासाठीचा) नसतो, म्हणून या फाइली वाचल्या जात नाहीत. .बॅशआरसी बहुतेक लिनक्सवर वाचली जाते, पण डेबियन आणि उबंटूच्या .बॅशआरसीमध्ये अगदी वर 'शेल इंटरॅक्टिव्ह नसेल तर परत फिर' अशा अर्थाच्या ओळी असतात. नोड किंवा पायथॉनच्या आवृत्त्या सांभाळणारी साधनं आपल्या ओळी त्या फाइलच्या शेवटी घालतात, आणि तिथपर्यंत वाचन पोचतच नाही. खात्री करायची तर हे चालवा ($पाथ म्हणजे शेल कमांड ज्या फोल्डरांत शोधतो त्यांची यादी, ती बहुतेकदा याच फाइलींत ठरते):

एसएसएच वेब१ 'इको $पाथ'

आणि लॉगिन करून तीच इको कमांड देऊन पाहा. दोन ओळींत जो फरक दिसेल तेच तुमचं उत्तर. 'बॅश -एल -एस' देऊन लॉगिन शेल उठवता येतो, पण मला ते पटत नाही, कारण मग स्क्रिप्टचं वागणं कुणाच्या तरी प्रोफाइल फाइलवर अवलंबून राहतं आणि ती फाइल उद्या कुणीही बदलू शकतं. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच पाथ स्पष्ट लिहा. क्रॉनमध्येही (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) तीच स्क्रिप्ट मग बिघडत नाही.

अवतरण चिन्हांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं म्हणून जरा सविस्तर सांगतो. एसएसएच वेब१ "इको $होस्टनेम" असं लिहिलंत तर उत्तरात तुमच्याच मशीनचं नाव येईल. डबल कोट्समधलं $ तुमच्या शेलने आधीच सोडवलं, सर्व्हरकडे तयार नाव गेलं. सिंगल कोट्स वापरले तर $होस्टनेम जसंच्या तसं जातं आणि सर्व्हरवर सोडवलं जातं. नुसतं नाव छापायचं तोवर ठीक, पण आता ही ओळ बघा:

एसएसएच वेब१ "आरएम -आरएफ $फोल्डर/*"

फोल्डर हे व्हेरिएबल तुम्ही सर्व्हरवर ठेवलंय आणि तुमच्या मशीनवर ते ठरवलेलंच नाही, तर सर्व्हरला मिळणारी कमांड आहे आरएम -आरएफ /*, म्हणजे मुळापासून सगळं पुसून टाक. म्हणूनच माझ्या प्रत्येक स्क्रिप्टची पहिली खरी ओळ सेट -ईयू असते आणि बॅश असेल तर सोबत पाइपफेल (पाइपने जोडलेल्या कमांडपैकी कुठलीही फसली तरी ते कळवणारा पर्याय). -यूमुळे न ठरवलेलं व्हेरिएबल दिसताच स्क्रिप्ट थांबते. वरच्यासारखी ओळ लिहिताना ते सेट तुमच्या बाजूच्या स्क्रिप्टमध्ये हवं, कारण $ तिथेच सुटतं.

दुसरी गोष्ट याहून फसवी. एसएसएच तुमची सगळी आर्ग्युमेंटं मध्ये एकेक स्पेस घालून जोडतं आणि ती एकच ओळ सर्व्हरवरच्या शेलला देतं. म्हणजे एसएसएच वेब१ आरएम "जुना लॉग" यातले कोट्स तुमच्या शेलने काढून टाकले, सर्व्हरला मिळालं आरएम जुना लॉग, आणि तिथे 'जुना' व 'लॉग' अशा दोन वेगळ्या फाइली उडवायचा प्रयत्न होतो. कमांड दोनदा वाचली जाते, म्हणून कोट्सही दोन थरांचे लागतात: 'आरएम "जुना लॉग"'. व्हेरिएबलमधलं नाव पाठवायचं असेल तर आधी ते प्रिंटएफ '%क्यू' मधून काढा, बॅश योग्य ते एस्केप स्वतः घालतो. हिअर-डॉक (इनपुटचा मजकूर स्क्रिप्टमध्येच लिहिण्याची पद्धत) वापरत असाल तर << 'ईओएफ' असं कोट्ससह लिहा, नाहीतर आतली सगळी $ चिन्हं तुमच्याच बाजूला सोडवली जातील. दोन-तीन ओळींहून मोठं काही असलं की कोट्सशी झगडत बसण्यापेक्षा वरची 'बॅश -एस' पद्धत कितीतरी बरी.

बऱ्याच सर्व्हरांवर फिरवताना बॅचमोड=येस आणि कनेक्टटाइमआउट=१० हे दोन पर्याय -ओने द्याच. पहिल्यामुळे एसएसएच पासवर्ड विचारत अडून राहत नाही, दुसऱ्यामुळे बंद पडलेल्या सर्व्हरपाशी लूप ताटकळत नाही. प्रत्येक फेरीनंतर एक्झिट कोड (कमांड यशस्वी झाली की फसली ते सांगणारा आकडा) नोंदवा: सर्व्हरवरच्या कमांडचा कोड एसएसएच जसाच्या तसा परत देतं, आणि खुद्द जोडणीच फसली तर २५५. आउटपुट टीला (ते स्क्रीनवर दाखवून फाइलमध्येही लिहिणारी कमांड) पाइप करत असाल तर पाइपफेलशिवाय तुम्हाला टीचा कोड मिळेल आणि सगळं सुरळीत झाल्याचा भास होईल.

होस्ट कीचा (सर्व्हरची ओळख पटवणारी की) प्रश्न टाळायला स्ट्रिक्टहोस्टकीचेकिंग=नो लावा असा सल्ला जागोजागी मिळतो. कृपया लावू नका. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले, म्हणून टाटू युलोनेन यांनी १९९५ साली एसएसएच लिहिलं. समोरचा सर्व्हर खरा आहे का हे तपासणं त्याच्या मुळाशीच आहे. नव्या सर्व्हरांसाठी ॲक्सेप्ट-न्यू हे मूल्य ओपनएसएसएच ७.६ पासून आहे. अनोळखी की ते स्वीकारतं, पण ओळखीच्या सर्व्हरची की बदलली तर नकार देतं. तसंच सुडोचा (ॲडमिनच्या अधिकाराने कमांड चालवण्याची सोय) पासवर्ड इकोने पाइप करून पाठवू नका. तो हिस्ट्रीत राहतो आणि चालू प्रोसेसच्या यादीतही दिसू शकतो. लागणाऱ्या तेवढ्याच कमांडला सुडोअर्समध्ये (सुडोच्या परवानग्यांची फाइल) नोपासडब्ल्यूडी, म्हणजे पासवर्ड न विचारण्याची मुभा, द्या.

काम लांबलचक असेल तर ते जोडणीच्या भरवशावर ठेवू नका. सर्व्हरवर टीमक्स (जोडणी तुटली तरी सत्र चालू ठेवणारं साधन) उघडून त्यात चालवा. नोहप (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारी कमांड) वापरलंत तर आउटपुट, एरर आणि इनपुट तिन्ही वळवा (> लॉग २>&१ < /डेव्ह/नल &), नाहीतर काम मागे गेलं तरी एसएसएच प्रॉम्प्ट सोडत नाही.

हेच काम तुम्हाला वरचेवर करायचं असेल तर लूप वाढवत नेण्याऐवजी ॲन्सिबलकडे (अनेक सर्व्हर एकत्र सांभाळणारं साधन) वळा. त्याचं स्क्रिप्ट नावाचं मॉड्यूल तुमच्या मशीनवरची स्क्रिप्ट सर्व्हरवर नेऊन चालवतं आणि कुठे फसलं ते सर्व्हरवार दाखवतं. तोवर तुमच्या लूपमध्ये -एन घाला, स्क्रिप्टमध्ये पाथ लिहा आणि आधी एकाच सर्व्हरवर 'बॅश -एक्स -एस' देऊन चालवा. -एक्समुळे प्रत्येक ओळ सर्व्हरवर नेमकी कशी वाचली गेली ते छापून येतं. अडलंत तर ते आउटपुट, पासवर्ड आणि आयपी झाकून, इथे खाली टाका. मी बघतो.