केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात छोट्या तंबूच्या कॅम्पवर अंघोळीचं आणि रात्रीचं कसं असतं? काय न्यावं?

संडास-बाथरूम बहुतेक ठिकाणी तंबूच्या मागेच जोडलेलं असतं, त्यामुळे रात्री बाहेर पडावं लागत नाही. अंघोळ बादलीच्या शॉवरची. वेळ सांगितली की कर्मचारी साधारण 20 लिटर गरम पाणी भरून बादली दोरीने वर चढवतो. अंग भिजवा, लगेच पाणी बंद करा, साबण लावा, मग पुन्हा सोडा. सोडूनच ठेवलंत तर केसांत फेस असतानाच पाणी संपतं. लांब केस धुवायचे असतील तर दुसरी बादली आधीच सांगून ठेवा.

अशा बऱ्याच कॅम्पना कुंपण नसतं. हत्ती, रानम्हशी आत येतात. म्हणून अंधार पडल्यावर एकट्याने अजिबात फिरू नका, टॉर्च हलवली की पहारेकरी न्यायला येतो. तंबूची चेन शेवटच्या दातापर्यंत लावा. खाऊ आत ठेवू नका, माकडं हमखास शिरतात.

नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जाणार असाल तर सामान साधारण 15 किलो, तेही मऊ बॅगेत. कडक सूटकेस सामानाच्या कप्प्यात मावत नाही. जुलै-ऑगस्टमध्येही पहाटे उघड्या गाडीत चांगलंच गारठायला होतं, जाड स्वेटर हवाच. पिवळ्या तापाची लस निघण्याआधी किमान 10 दिवस घ्या. दाखला नसेल तर भारतात परतल्यावर विलगीकरणात ठेवू शकतात.