क्यूआर कोड उघडत नाही, मग अ‍ॅप घेऊ का?

प्रश्न : मुलगी सातवीत, मराठी माध्यम. पुस्तकातला क्यूआर कोड घरी उघडत नाही. क्लासवाले म्हणतात, आमचं अ‍ॅप घ्या, वर्षाचे पैसे एकदम भरा. काय करू? – एक पालक, बार्शी

उत्तर : पैसे भरायची घाई नको. कोड 'दीक्षा' या सरकारी अ‍ॅपमधून स्कॅन करून बघा. पान चुरगळलं असेल तर कोडाजवळ छापलेली सहा अक्षरं टाइप करा. व्हिडिओ एकदा उतरवून ठेवला की नेटशिवायही चालतो. पुस्तकाची पीडीएफ बालभारती फुकट देते.

आता क्लासचं अ‍ॅप. मी बावीस वर्षं गाइडांची प्रूफं वाचतेय, म्हणून माझी खोड सांगते : आधी गणितातला मसावि-लसाविचा धडा उघडायचा. तिथे 'लघुत्तम समापवर्त्य' दिसलं, तर मजकूर हिंदीवरून उचललाय असं समजा. आपल्या पुस्तकात 'लघुतम साधारण विभाज्य' आहे; मुलगी विनाकारण गोंधळेल. दुसरं म्हणजे रफार बघा. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार हमखास घसरतो. परवाच माझ्यासमोर 'विद्यार्थी'चा 'विद्याथीर्' आला, तोही मुखपृष्ठावर!

छापील पुस्तकातही प्रयोग होतातच. दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून २०२३ला पाठ्यपुस्तकातच वहीची कोरी पानं आली, २०२५ला गेली. (मला ती आवडली नव्हती, दप्तर काही हलकं वाटलं नाही.)

तरीही अ‍ॅप घ्यायचंच असेल, तर एक महिन्याचेच पैसे भरा. क्लासवाले कुरकुरतील, कुरकुरू द्या.