कोपरात अजून एक सुई घ्यायची का?

प्रश्न: मी घरी कडक भाकरीच्या ऑर्डरी घेते, सोलापुरात अशोक चौकाजवळ राहते. उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतं, तवा उचलताना तर कळ येते. डॉक्टरांनी टेनिस एल्बो म्हणून स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, महिनाभर एकदम मस्त वाटलं आणि परत सुरू. आता भोगी-संक्रांतीच्या ऑर्डरी आणि गड्ड्याच्या जत्रेची गर्दी तोंडावर आहे. परत तेच घेऊ का? जाऊबाई म्हणते स्वतःच्या रक्तातून प्लेटलेट वेगळ्या काढून देतात ते पीआरपी इंजेक्शन घे, महाग आहे पण कायमचं बरं होतं. मला शुगर पण आहे.

उत्तर: ताई, महिनाभर मस्त वाटलं ते खरंच, मनाचे खेळ नव्हेत. पण पुढचं ऐका. 2002 मध्ये हॉलंडमध्ये 185 पेशंट घेऊन तीन गट केले, एकाला स्टेरॉइड, दुसऱ्याला फिजिओ, तिसऱ्याला नुसतं थांबा आणि बघा. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले 92 टक्के खूश, बाकीचे बरेच मागे. वर्षानं बघितलं तर इंजेक्शनवाले 69 टक्क्यांवर, फिजिओवाले 91 आणि काहीच न केलेले सुद्धा 83! म्हणजे सुई घेतलेले सगळ्यात मागे. 2013 च्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात पण तेच, स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी 54 टक्के लोकांचं दुखणं वर्षभरात उलटलं, खोटं, म्हणजे औषध नसलेलं इंजेक्शन घेतलेल्यांचं फक्त 12 टक्के. त्यामुळे मी तरी दुसरी सुई घ्या म्हणणार नाही, त्यात स्टेरॉइडनं काही दिवस शुगर वर जाते हे वेगळंच.

असं का होतं तर जुन्या दुखण्यात टेंडनला, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला, सूज कमी आणि झीज जास्त असते, स्टेरॉइड कळ दाबतं, झीज भरून काढत नाही. कळ गेली की आपण लगेच दुप्पट भाकरी थापायला बसतो.

पीआरपीचं सांगायचं तर ऐकायला फार छान वाटतं, आपलंच रक्त फिरवून आपल्यालाच द्यायचं. पण उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2021 च्या आढाव्यात कोपराच्या याच दुखण्यावरचे 32 अभ्यास तपासले, खोट्या इंजेक्शनच्या तुलनेत सांगण्यासारखा फायदा दिसला नाही. टाचेच्या टेंडनसाठी 2010 मध्ये पीआरपी आणि साधं सलाईन समोरासमोर लावलं, तिथेही फरक शून्य. जाऊबाईंना राग येईल, पण तेवढे पैसे माझे असते तर मी नसते घातले.

मग करायचं काय? टेबलाच्या कडेला हात ठेवा, तळवा खाली, पंजा बाहेर लोंबता, हातात अर्धा लिटरची पाण्याची बाटली. डाव्या हातानं आधार देऊन पंजा वर घ्या, मग आधार सोडून चार-पाच आकडे मोजत हळूहळू खाली. पंधरा वेळा, थोडं थांबून परत, असं तीनदा. करताना थोडं दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त ठणकलं तर वजन कमी करायचं. फिजिओला एकदा दाखवून घ्या. दोन-तीन महिने लागतात हो, आणि पहिले काही आठवडे वाटतं की काहीच होत नाहीये, तिथेच बहुतेक जण सोडून देतात.

भाकरी बंद करायची गरज नाही. पण पीठ मळायचं काम सध्या दुसऱ्या कुणाला तरी द्या, तवा दोन्ही हातांनी तळवे वर करून उचला, आणि भोगीच्या ऑर्डरी यंदा निम्म्याच घ्या. बोटांना मुंग्या येत असतील किंवा मानेतून कळ येत असेल तर मात्र हे टेनिस एल्बो नसेलही, व्यायामाआधी डॉक्टरांना दाखवा.