माशाचं पोट खाऊन फुगलंय की ड्रॉप्सी झालीय, हे कसं ओळखायचं?

तुमच्या गोल्डफिशचं पोट दोन दिवसांपासून फुगलंय, खाणं मात्र चालू आहे, तर याला ड्रॉप्सी (अंगात पाणी साठून फुगणं) म्हणायचं का, असा तुमचा प्रश्न आहे.

आधी त्याला वरून बघा. समोरच्या काचेतून नुसतं पोट मोठं दिसतं. वरून पाहिलं की खवले अंगाला चिकटून आहेत की छपराची कौलं उचकटल्यासारखे उभे राहिलेत, ते लगेच कळतं. उभे असतील तर आत पाणी साठलंय. (पर्लस्केल जातीच्या गोल्डफिशचे खवले मुळातच टपोरे असतात, त्यांना बघून घाबरू नका.)

पण खवले उभे राहीपर्यंत थांबलात तर उशीर होतो. मी माझ्या फायटर माशाच्या बाबतीत इथेच चुकलो. ‘खाऊन गुटगुटीत झालाय’ म्हणत आठवडा घालवला. तो दाणा तोंडात घेऊन थुंकायचा, पर मिटून कोपऱ्यात बसायचा, विष्ठा पांढरट दोऱ्यासारखी लोंबायची. हे सगळं दिसत होतं, पण मी जोडून पाहिलं नाही. मग डोळे बाहेर आले, खवले उभे राहिले आणि तिसऱ्या दिवशी तो गेला.

गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरच्यापेक्षा क्षार जास्त असतात, त्यामुळे कल्ल्यांतून पाणी सतत आत झिरपतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकत राहतात. ती थकली की पाणी पोटात आणि खवल्यांखाली साठतं. म्हणजे ड्रॉप्सी हा रोग नव्हे, लक्षण आहे. मागे बरेचदा एरोमोनाससारखे जिवाणू असतात. ते टँकमध्ये एरवीही असतातच, घाण पाण्याने मासा खचला की डाव साधतात.

तुमचा मासा खातोय आणि खवले सपाट असतील तर बहुधा बद्धकोष्ठ, मादी असेल तर अंडीही असू शकतात. दोन दिवस उपास घडवा. फुगवटा एकाच बाजूला असेल तर गाठीची शंका घ्या.

पाण्यातले अमोनिया आणि नायट्राइट (माशाच्या घाणीतून तयार होणारी विषं) मात्र आजच तपासा, दोन्ही 0 हवेत. खवले उठलेले दिसले तर मासा वेगळ्या टँकमध्ये हलवा, 20 लिटरला एक छोटा चमचा एप्सम सॉल्ट विरघळवून घाला (जेवणातलं मीठ नव्हे) आणि अँटिबायोटिकसाठी मासे बघणारा पशुवैद्य गाठा. सगळे खवले उभे राहिल्यावर फार थोडे मासे वाचतात, हे मात्र आधीच सांगून ठेवतो.

आज वरून एक फोटो काढा. उद्या त्याच वेळी दुसरा काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा.