जुन्या भाडेकरूबद्दल विचारलं, तर काय सांगावं?

प्रश्न : ताई, कोथरूडला आमचा वन बीएचके आहे. तिथे तीन वर्षं एक तरुण जोडपं भाड्याने राहिलं. मध्ये त्याची नोकरी गेली, तेव्हा चार महिने भाडं उशिरा आलं, एकदा तर 25 तारखेला. पण पै न् पै चुकती केली. घर सोडताना ओट्याची कडा फुटलेली दिसली. त्याचे 3,500 रुपये मी डिपॉझिटमधून कापले, त्यावरून बोलाचाली झाली. काल बाणेरच्या एका घरमालकांचा फोन आला, ‘माणसं कशी आहेत?’ मी ‘उद्या सांगते’ म्हणाले. खरं सांगितलं तर त्यांचं घर जाईल का? माझ्यावर बदनामीचा दावा झाला तर?
– एक वाचक, पुणे

उत्तर : उद्यावर टाकलंत ते बरं केलंत. ओट्याचा राग अजून मनात असेल, तर त्या रागात तीन वर्षं झाकली जातात.

मी स्वतः याच्या उलट चूक केली आहे. माझ्याकडचं एक कुटुंब पाच महिने भाडं थकवून बसलं होतं. एका गृहस्थांनी चौकशीला फोन केला आणि ब्याद टळावी म्हणून मी म्हणाले, ‘फार चांगली माणसं, डोळे मिटून द्या.’ ते निवृत्त शिक्षक होते, आणि त्या भाड्यावर त्यांची औषधं चालायची. वर्षभराने ते माझ्या दारात आले. हातात कराराची घडी घातलेली झेरॉक्स. आवाज चढवला नाही, एवढंच विचारलं, ‘तुम्हाला माहीत होतं ना?’ करार संपूनही न हलणाऱ्या भाडेकरूकडून 1999च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली भाड्याच्या दुप्पट रक्कम मागता येते. पण त्यासाठी अर्ज, तारखा, खेटे आलेच. ते सगळं मी त्यांच्या गळ्यात बांधलं होतं.

म्हणून सांगते, ‘चांगली’ की ‘वाईट’ हे ठरवून देऊ नका. घडलं ते सांगा: ‘तीन वर्षं राहिले. नोकरी गेल्यावर चार महिने भाडं उशिरा आलं, पण सगळं दिलं. ओट्याची कडा फुटली, दुरुस्ती डिपॉझिटमधून झाली.’ नोकरीचं कारण गाळून नुसता उशीर सांगितलात, तर तेही खोटंच. आणि माझा अनुभव असा, की असं ऐकून शहाणा मालक घर नाकारत नाही. फार तर आता नोकरी आहे का, एवढं विचारतो. पोलीस व्हेरिफिकेशनमधून त्याला हे कळत नाही. ते तुम्हीच सांगू शकता.

पुढचा प्रश्न हमखास येतो: जात कुठली, मटण-मासे खातात का, घरी कोण येतं-जातं. यातलं एक अक्षरही बोलू नका. ‘माझा त्याच्याशी संबंध आला नाही’ म्हणा आणि विषय संपवा.

दाव्याची भीती समजते. 1 जुलै 2024 पासून बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे, आधी तो दंडविधानाच्या 499 मध्ये होता. ज्याचं हित गुंतलं आहे, त्याला सद्भावनेने सावध करणं, हा त्याला अपवाद आहे. मात्र सांगाल त्याला कागद हवा: बँकेच्या नोंदी, दुरुस्तीची पावती, ओट्याचा फोटो. ‘बायको भांडखोर वाटायची’ असल्या वाक्याला कागद नसतो. आणि बोलायचं ते त्या घरमालकांशीच, सोसायटीच्या ग्रुपवर नाही.

बाणेरला फोन करण्याआधी त्या मुलाला एक फोन करा. ‘चौकशी आली आहे, मी हे हे सांगणार आहे’, असं त्याच शब्दांत सांगा. त्याचं काही म्हणणं असेल तर ऐकून घ्या, कदाचित तारखेत तुमचीच चूक निघेल. आणि ओट्याच्या दुरुस्तीची पावती त्याला अजून दाखवली नसेल, तर तीही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा.